हातचा एक

उद्या साडेपाचला शाळेत बोलावलंय.
आज दुकान चारलाच बंद केलं.
सायकलच्या साखळीचं काळं नखांत बसतं
ते रॉकेलनं सुटत नाही,
त्याला साखर लागते, भांड्यांचा साबण
आणि वेळ.
नेलिदा म्हणाली, एवढं काय घासतोस, लग्नाला जायचंय का?
म्हटलं, लोक दात घासून बोलायला जातात,
मी हात घासतोय.
ती हसली. तिचं हसणं मला दिसतं.
ऐकू मला कधीच आलं नाही,
तिलाही नाही.

घरात ऐकू येणारा एकटा फेर्मीन.
नऊ वर्षांचा.
दारावरची थाप त्याची, किटलीची शिटी त्याची,
वीजबिलाच्या खिडकीतला माणूस त्याचा,
डॉक्टरही त्याचाच:
आईच्या पोटात आता काही उरलं नाही
हे सातव्या वर्षी त्यानंच आम्हाला सांगितलं,
बोटांनी, नीट, न चुकता.

मागच्या वर्षी बाई दहा मिनिटं बोलल्या.
भुवया खाली, मग वर, पेन्सिल टेबलावर,
एकदा चष्मासुद्धा काढला.
फेर्मीननं सगळं ऐकून घेतलं,
पांढऱ्या डगल्यावरचा निळा बो सरळ केला
आणि माझ्याकडे वळून हातांनी एवढंच म्हणाला:
छान चाललंय.
मी मान डोलावली. बाईंनीही.
येताना त्याला आइस्क्रीम घेतलं, दोन गोळ्यांचं.

मला कळलं नाही असं समजू नका.
चाक एकदा फिरवलं की त्याचा बाक ओळखतो मी,
भुवया वाचतच जगलोय.
पण ते 'छान' मलाही हवं होतं.

यंदा नगरपालिकेत अर्ज दिला. दोनदा.
दुभाषी येणार आहे, इर्मा नावाची,
पायसांदूहून, दुपारच्या बसनं.
टायरच्या बिलामागे प्रश्न लिहून ठेवलेत:
मधल्या सुट्टीत तो कुणाबरोबर असतो?
बोलत नाही म्हणजे किती बोलत नाही?
बेरजेचं काय करायचं?
(वहीभर लाल शाईत एकच शेरा:
हातचा विसरला. हातचा विसरला.)
चौथा लिहिला, खोडला, परत लिहिला:
आमच्यामुळे का?

जेवणानंतर त्याला सांगितलं, उद्या तू काही सांगायचं नाहीस.
त्याचे हात मांडीवर पडून राहिले.
मग उठले: माझं काय चुकलं?
काही नाही.
मग मी तिथे काय करू?
मला पटकन सुचेना.
पाय हलवत बस, म्हटलं. खुर्ची उंच आहे.

दिवा घालवला.
अंधारात आमच्या घरी कुणी बोलत नाही,
नियम नाही तसा, पण दिसणार कसं?
थोड्या वेळानं गादी दबली.
त्यानं माझा तळवा उघडला, साबणाच्या वासाचा,
आणि बोटानं एकेक अक्षर काढू लागला,
मागच्या वर्षीची ती दहा मिनिटं,
चष्मा काढल्याच्या जागेसकट:
वर्गात तोंड उघडत नाही.
विचारलं तर मान हलवतो.
हुशार आहे.
थकलेला दिसतो.
'थकलेला' त्याला दोनदा लिहावं लागलं.
माझा हात हलत होता.

मी मूठ मिटली नाही.
उद्या इर्मा येईल, बाई बोलतील, मी विचारीन,
चौथा विचारीन की नाही, सांगता येत नाही.

सकाळी वही घेऊन त्याच्या शेजारी बसलो.
सात आणि आठ, पंधरा.
पाच खाली मांड, मी दाखवलं.
आणि एक?
त्यानं एक बोट वर केलं
आणि तसंच धरून ठेवलं
दुसऱ्या हातातलं दूध संपेपर्यंत.